हाकेच्या अंतरावरची माणसे : भिवंडीतील मोहल्ला समित्यांचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हणजे तिची घटना, कार्यकारी मंडळांच्या याद्या, ठरावांची दफ्तरे आणि जमाखर्चाच्या वह्या समोर घेऊन बसावे, असा रिवाज आहे; परंतु भिवंडीच्या मोहल्ला समित्यांचा वृत्तांत लिहिण्यास बसलेल्या माणसाला यांपैकी कशाचाच फारसा आधार मिळत नाही, कारण ज्यांनी हे काम उभे केले त्यांची सारी मालमत्ता म्हणजे पोलीस चौकीपुढची मोकळी जागा, मंडपवाल्याकडून मागून आणलेल्या खुर्च्या आणि दिवसभराच्या श्रमानंतर संध्याकाळचा एक तास परक्याच्या कामासाठी काढणारी माणसे, एवढीच होती. या स्मरणिकेसाठी लिहिताना आम्ही भिवंडीत हे काम करणाऱ्यांपैकी अधिकारपदावरील दोन व्यक्ती सोडून कोणाचेही नाव घेतलेले नाही. हा अनुल्लेख कृतघ्नतेचा नव्हे. ज्या कामात शेकडो शिंपी, मागवाले, शिक्षक, दुकानदार, गृहिणी आणि हवालदार यांचा हात लागला, त्यातून पाच-पंचवीस नावे निवडून छापणे हा उरलेल्यांवर अन्याय झाला असता. ज्यांनी काम केले त्यांना ते ठाऊक आहे आणि त्यांच्या गल्लीलाही ठाऊक आहे.

पार्श्वभूमी : १९७० चे दशक

कामवारी नदीच्या काठचे हे जुने गाव. खाडीमार्गे चालणाऱ्या व्यापारामुळे कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, ब्राह्मण, कासार अशा अनेक ज्ञातींची वस्ती येथे पूर्वापार नांदत आली. ब्राह्मण आळी, कासार आळी, बंदर मोहल्ला, भुसार मोहल्ला ही नावे त्या वस्तीची साक्ष आजही देतात. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातील विणकर कुटुंबे येथे आली, पुढे तेलंगणातील पद्मशाली आले, हातमाग जाऊन यंत्रमाग आले आणि मागांच्या खडखडाटाबरोबर गावाचे शहर होत गेले. सुताचा व्यापारी, मागाचा मालक, माग चालविणारा कारागीर, त्याची दुरुस्ती पाहणारा जॉबर, कांडी भरणारी बाई, गाठी वाहणारा हमाल आणि या सर्वांना दोन वेळ जेवू घालणारा भिस्सीवाला हे निरनिराळ्या प्रांतांतले, भाषांचे आणि धर्मांचे लोक दिवसातले बारा-बारा तास एका छपराखाली घालवीत. मात्र पाळी सुटली की प्रत्येक जण आपापल्या मोहल्ल्यात जाई आणि शेजारच्या मोहल्ल्यात कोण राहतो हे त्याला सहसा माहीत नसे.

या अपरिचयाची किंमत शहराने ७ मे १९७० रोजी प्रथम मोजली. शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी उसळलेली दंगल जळगाव आणि महाडपर्यंत पोहोचली, आणि तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती दिनशा मादन यांचा आयोग नेमला गेला. आयोगाच्या अहवालाचे विस्तृत खंड आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत. त्यातील तपशील येथे पुन्हा मांडण्याचे प्रयोजन नाही. एवढेच नमूद करावेसे वाटते की, त्या दिवसांत आपल्या घराचे दार उघडून परक्या कुटुंबाला आत घेणारी, मुलांना माळ्यावर निजवून स्वतः उंबरठ्यावर बसून रात्र काढणारी माणसे दोन्ही समाजांत होती. त्यांच्या जबान्या कोणत्याही दफ्तरात नसतील. तथापि पुढे जे काम उभे राहिले, त्याचे मूळ अशा घरांतच शोधावे लागते.

स्थापनेचे दशक : १९८० ते १९९०

ठाण्याला १९८१ साली पोलीस आयुक्तालय झाले आणि भिवंडी त्याच्या हद्दीत आली. परंतु तीन वर्षांनीच, १९८४ च्या मे महिन्यात, शहर पुन्हा पेटले. ही दंगल ठाणे आणि मुंबईपर्यंत पसरली व तिच्यात अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. माग जळाले, सुताची गोदामे जळाली, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या थोड्या गल्ल्या मिश्र वस्तीच्या उरल्या होत्या त्याही रिकाम्या होऊ लागल्या. शांतता समिती तेव्हाही होती. पण ती तणाव वाढल्यावर कचेरीत बोलाविली जाई, तिच्यात पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी असत, आणि चहापान व आवाहन झाल्यावर जो तो आपल्या घरी जाई. आग लागल्यावर विहीर खणण्याचाच तो प्रकार होता.

१९८८ साली श्री. सुरेश खोपडे हे भिवंडीचे पोलीस उपायुक्त म्हणून रुजू झाले. त्यांनी येथील जुन्या दंगलींचा अभ्यास केला आणि त्यातून जो निष्कर्ष काढला तो ऐकण्यास अगदी साधा, परंतु अंमलात आणण्यास अतिशय कठीण होता. दंगल करणारे थोडे असतात, भिणारे पुष्कळ असतात. आणि भिणारा मनुष्य भितो तो मुख्यतः ज्याला तो ओळखत नाही त्याला. शेजारच्या मोहल्ल्यातला मनुष्य अनोळखी, आणि चौकीतला शिपाईही अनोळखीच. तेव्हा बंदोबस्त वाढविण्याआधी ओळख वाढविली पाहिजे, आणि तीही शांततेच्या काळात, हा तो विचार. त्यातून शहराच्या निरनिराळ्या भागांत मिळून सुमारे सत्तर मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. प्रत्येक समितीत दोन्ही समाजांचे सभासद शक्यतो सारख्या संख्येने घेतले गेले. पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतल्या सामान्य माणसाला प्राधान्य देण्यात आले. आणि समितीची जबाबदारी वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती न ठेवता त्या त्या भागातील फौजदार, हवालदार व शिपाई यांच्याकडे सोपविण्यात आली. ज्या शिपायाला आजवर कोणी खुर्ची दिली नव्हती, त्याने बैठक बोलवावी, लोकांचे म्हणणे ऐकावे आणि वहीत उतरवावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आमच्या मते साऱ्या योजनेतील सर्वांत धाडसी भाग तोच होता.

आरंभीच्या अडचणी पुष्कळ आल्या. पोलिसांच्या बोलावण्यावरून जमायचे म्हणजे गल्लीत ‘खबऱ्या’ म्हणून नाव व्हायचे, हे भय सभासदांना वाटे; कोणी पहिल्या बैठकीस आला तो दुसऱ्या बैठकीस येत नसे; कोणी यावयाचा तो मागे उभा राहून ऐकत असे आणि बसा म्हटले तरी बसत नसे. इकडे शिपाई मंडळींनाही आपले नेहमीचे काम सोडून नळाच्या आणि गटाराच्या तक्रारी ऐकत बसणे प्रथम पसंत नव्हते. सभासदांच्या निवडीवरून काही ठिकाणी मतभेद झाले. ते कालांतराने निवळले आणि आता त्यांचे स्मरण ठेवण्याची कोणास इच्छा नाही.

प्रस्तुत लेखकाने त्या काळी पाहिलेल्या एका बैठकीचे चित्र येथे द्यावेसे वाटते. शुक्रवार होता, माग बंद होते, आणि त्यामुळे बोललेले ऐकू येत होते. भिवंडीत ही सोय रोज नसते. विषय होता सार्वजनिक नळाचा. दोन गल्ल्यांच्या मध्ये एकच नळ, पाणी पहाटे तासभर यावयाचे, आणि रांगेतला हंडा कोणी मागे सारला यावरून दोन बायकांमध्ये सुरू झालेली बाचाबाची आदल्या दिवशी दोन गल्ल्यांत पसरली होती. त्यातला एक हंडा, काठाशी चेपलेला, पुरावा म्हणून बैठकीत आणून ठेवलेला होता आणि जमलेली माणसे त्याच्याभोवती कोंडाळे करून बसली होती. एका निवृत्त गुरुजींनी आणि एका वयोवृद्ध जॉबरने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. रात्रीच घरटी एक हंडा रांगेत लावून ठेवावा, ज्या घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल त्याचा हंडा पुढे घ्यावा, आणि आठवडाभर दोन्ही गल्ल्यांतली एकेक व्यक्ती पहाटे नळाजवळ उभी राहावी, असे ठरले. हवालदाराने ते वहीत लिहिले व वाचून दाखविले. मग बाळंतीण कोणाच्या घरी आहे याची चौकशी निघाली, तेव्हा पलीकडच्या गल्लीत दोन आहेत हे अलीकडच्या गल्लीला प्रथमच कळले. भांडण मिटले ते मिटलेच. परंतु त्या निमित्ताने दोन्ही गल्ल्यांतील वीस-पंचवीस माणसांना एकमेकांची नावे, धंदे आणि घरची दुखणीखुपणी ठाऊक झाली, आणि योजनेला खरोखर जे साधावयाचे होते ते हेच होते. चेपलेला हंडा शेवटी त्या जॉबरने आपल्या घरी नेला आणि ठोकून सरळ करून दिला.

ज्या तक्रारी पूर्वी ठाण्यात अदखलपात्र म्हणून नोंदल्या जात आणि तेथेच कुजत पडत, त्या अशा रीतीने गल्लीतच निकालात निघू लागल्या. गटार, ध्वनिक्षेपक, उधारी, घरात होणारी मारहाण, वाट अडवून ठेवलेल्या गाठी असे नाना विषय बैठकीत येत आणि त्यांच्या अनुषंगाने माणसे येत.

कसोटीचे आणि प्रसाराचे दशक : १९९१ ते २०००

श्री. खोपडे यांची बदली झाल्यावर त्यांच्या जागी आलेले श्री. गुलाबराव पोळ यांनी समित्यांचे काम त्याच आस्थेने चालू ठेवले, हे भिवंडीचे भाग्य म्हटले पाहिजे. कारण आपल्याकडे एका अधिकाऱ्याने लावलेले रोप दुसऱ्याच्या कारकिर्दीत सुकून गेल्याची उदाहरणे विपुल आहेत. पोळ यांच्याच काळात, ६ डिसेंबर १९९२ रोजी, अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्याची बातमी आली.

त्या डिसेंबरात आणि पुढील जानेवारीत मुंबईत जे घडले ते सर्वांना ज्ञात आहे. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे नऊशे माणसे मारली गेली आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा आयोग नेमावा लागला. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर असलेली, दोन दंगलींनी पोळलेली आणि अशा प्रसंगी सर्वांत आधी पेटेल असे ज्या शहराविषयी सर्वत्र गृहीत धरले जाई, ती भिवंडी मात्र शांत राहिली.

ही शांतता आपोआप लाभलेली नव्हती. त्या रात्रींत समित्यांचे सभासद चौकीजवळ आणि गल्लीच्या तोंडाशी जागत बसले. अमक्या मोहल्ल्यातून जमाव निघाला, तमक्या ठिकाणी दुधात विष कालविले, अशी आवई उठली की पूर्वी लोक हत्यार शोधीत; आता ते माणूस शोधू लागले, म्हणजे पलीकडच्या मोहल्ल्यातील ज्या सभासदाला ते नळाच्या किंवा गटाराच्या बैठकीत भेटले होते त्याच्याकडे निरोप धाडू लागले, आणि तो स्वतः येऊन ‘आमच्याकडे सारे निजले आहेत’ असे सांगे. घरोघर दूरध्वनी नव्हते. निरोप पायी जाई आणि पायीच येई, आणि त्या रात्री दुसऱ्याच्या मोहल्ल्यात एकट्याने चालत जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांनाच समजेल. गणवेशातला शिपाई आणि लुंगीतला मागवाला बरोबरीने गस्त घालताना दिसल्यावर, घाबरून दाराला कडी लावून बसलेली माणसेही हळूहळू बाहेर आली.

बाहेरच्या जगाचे लक्ष भिवंडीकडे गेले ते यानंतर. श्री. खोपडे यांनी या प्रयोगावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिले. हिंदू-मुसलमान संबंधांचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भिवंडीचा दाखला दिला आणि दोन समाजांतील लोक नागरी कामाच्या निमित्ताने जेथे परस्परांना भेटतात तेथे दंगल मूळ धरत नाही, या आपल्या प्रतिपादनाला त्याचा आधार घेतला. दरम्यान मुंबईतही, जुलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे व तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. ज्या महानगराकडे भिवंडी आजवर केवळ कापड पाठवीत होती, त्याला तिने ही एक रीतही दिली, याचा आम्हास अभिमान वाटतो आणि तो लपविण्याचे कारण दिसत नाही.

२००१ ते २०१०

या दशकाविषयी थोडक्यात लिहिणे बरे. २००१ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शहर वाढले, जुने सभासद थकले, अधिकाऱ्यांच्या बदल्या होत राहिल्या आणि अनेक समित्या नावापुरत्याच उरल्या. २६ जुलै २००५ च्या महापुरात कामवारीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा मात्र माणसे पुन्हा एकदा न बोलाविता बाहेर पडली. पुढील वर्षाच्या जुलैत पोलीस चौकीच्या बांधकामावरून जो दुःखद प्रसंग ओढवला, त्यात दोन नागरिक आणि दोन पोलीस शिपाई प्राणांस मुकले. चारही घरांचे दुःख सारखेच होते आणि ते आम्ही सारखेच मानतो. त्या प्रसंगाने समित्यांना एक गोष्ट शिकविली ती ही की, मोहल्ल्यामोहल्ल्यांतील ओळख टिकली तरी चौकी आणि मोहल्ला यांच्यातील ओळख पुनःपुन्हा नवी करावी लागते. ती बदलीच्या हुकुमाबरोबर निघून जाते. राज्य सरकारने २००७ पासून गावोगाव सुरू केलेल्या तंटामुक्ती मोहिमेत, किरकोळ तंटे गावातच सामोपचाराने मिटवावेत हे जे सूत्र होते, ते भिवंडीकरांना नवे वाटले नाही.

२०११ ते २०२०

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांवर गेली. भोवताली माणकोली, काल्हेर, राहनाळ या बाजूंस गोदामांची रांगच उभी राहिली. मागांवर आणि गोदामांत काम करण्यासाठी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड येथून माणसे येत राहिली. ज्याची ओळख समितीच्या वहीत नाही असा मनुष्य आता शहरात बहुसंख्य झाला.

तशात २०२० साल उजाडले. करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी पुकारली गेली, माग थांबले, भिस्स्या बंद पडल्या आणि रोजावर जगणाऱ्या कामगारापुढे उपाशी राहणे किंवा चालू लागणे एवढेच पर्याय उरले. नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर बिऱ्हाड डोक्यावर घेऊन चाललेल्या माणसांना पाणी, भाकरी, खिचडी आणि चपलांचे जोड देणारे हात त्या उन्हात ठिकठिकाणी उभे होते. घेणाऱ्याने देणाऱ्याचे नाव विचारले नाही आणि देणाऱ्यालाही पुढे तो मनुष्य घरी पोहोचला किंवा नाही हे कळण्याचा मार्ग नव्हता. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिकांची विशेष गाडी सुटली. पुढे साथ शहरात शिरली, रुग्णालयांत खाट मिळेना, तेव्हा शांतीनगरातील मक्का मशिदीत प्राणवायूची मोफत सोय करण्यात आली आणि ती कोणत्याही धर्माच्या रुग्णाला खुली होती.

त्याच वर्षी २१ सप्टेंबर रोजी, पहाटे पावणेचारच्या सुमारास, धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत झोपलेल्या माणसांसह खाली बसली. तीसहून अधिक जीव गेले. त्यात लहान मुले पुष्कळ होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान येऊन पोहोचण्यापूर्वीच आसपासच्या रहिवाशांनी सुमारे वीस जणांना बाहेर काढले होते. साथीमुळे परक्याच्या श्वासाचेही भय वाटावे असे ते दिवस होते. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या दाराला हात लावू नये असे सरकार सांगत होते. अशा वेळी ही माणसे अंधारात, हातातल्या मोबाइलच्या उजेडात, सळयांमधून वाट काढीत शिरली आणि सापडेल त्याला उचलून बाहेर घेऊन आली.

ही कामे समित्यांच्या नावे मांडण्याचा आम्हास अधिकार नाही. महामार्गावर उभे राहणाऱ्यांत, मशिदीत सिलिंडर वाहणाऱ्यांत, ढिगाऱ्यावर चढणाऱ्यांत समितीचे आजी-माजी सभासद असतीलही, परंतु बहुतेक जण कोणत्याच वहीत नसलेले होते. तरीही त्यांचा उल्लेख या इतिहासात केल्यावाचून राहवत नाही. समित्यांनी १९८८ पासून ज्या वृत्तीची मशागत केली, ती त्यांच्याबाहेरही या शहरात आहे, किंबहुना आधीपासून होती, आणि समित्यांनी केले ते एवढेच की तिला एकत्र बसण्याची जागा दिली, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

२०२१ पासून आजपर्यंत

सध्या सणासुदीच्या आधी बैठका होतात. मिरवणुकीचा मार्ग, विसर्जनासाठी वऱ्हाळदेवी तलावाकडे जाणारी वाट, नमाजाच्या वेळा यांचा मेळ घातला जातो. पूर्वी पायी येणारी आवई आता मोबाइलवर क्षणात सर्वत्र पोहोचते, तेव्हा तिचा पाठलाग करण्यासाठी तरुण सभासदांची नितांत गरज भासते. पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची जी यादी महानगरपालिका जाहीर करते ती प्रत्येक बैठकीत वाचून दाखवावी, त्या इमारतींत म्हातारी, अपंग आणि तान्ही मुले किती आहेत याची गल्लीला आधीच माहिती असावी, स्ट्रेचर धरण्याचे आणि रक्त थांबविण्याचे शिक्षण प्रत्येक मोहल्ल्यात निदान दहा जणांना मिळावे, अशा सूचना आम्ही या निमित्ताने पुढे ठेवीत आहोत. जुन्या सभासदांपैकी जे हयात आहेत ते बोलावले की अजूनही येतात, आणि मागे उभे न राहता पुढे बसतात.

२९ एप्रिल २०२३ रोजी भर दुपारी वळपाड्यात, तळाशी गोदाम आणि वर बिऱ्हाडे असलेली एक इमारत कोसळली व आठ माणसे दगावली. ढिगारा उपसण्याच्या कामात एक क्षण असा येतो की, काम थांबवावयास सांगतात. यंत्रे बंद होतात, हातातली घमेली खाली ठेवली जातात, गर्दीतली कुजबूजही विरते. अहोरात्र मागांच्या खडखडाटात वाढलेली माणसे श्वास रोखून उभी राहतात आणि कोणीतरी वाकून, विटांच्या फटीला कान लावून, आत हाक मारतो. आतल्या माणसाचे नाव त्याला ठाऊक नसते, म्हणून तो नुसतेच ‘कोणी आहे का?’ असे विचारतो. वळपाड्याच्या त्या ढिगाऱ्याखालून दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस जिवंत बाहेर आला.